आठ स्वच्छ प्लेट्स

आठही प्लेट्स स्वच्छ निघाल्या. डॉक्टर हिशाम यांनी पेनचं टोपण काढलं. "खलास. ड्रायव्हर शनिवारपासून कामावर."

मी कतारमध्ये, दोह्यातल्या सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन होते. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एका स्कूलबसमधल्या दोन मुलांना घटसर्प झाला होता, म्हणजे डिप्थीरिया. घशात राखाडी पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. धाकटी मुलगी सहा वर्षांची. तिच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली होती. दोघांची घरं वेगळी, वर्ग वेगळे. बस तेवढी एक.

काही माणसं स्वतः आजारी न पडता हे जंतू घशात बाळगतात. त्यांना कॅरियर म्हणतात. घशात कापसाची काडी फिरवायची, तो स्वॅब प्लेटवर लावायचा आणि काय वाढतं ते पाहायचं. ड्रायव्हर सावंत आणि त्याच्या खोलीतले सात जण, सगळे कोकणातले. त्यांचे स्वॅब मीच घेतले होते, खुणेनेच. इंग्लिश मीडियममुळे माझं मराठी घरापुरतंच होतं, आणि अनोळखी पुरुषांशी बोलायला मला कुठलीच भाषा सुचत नसे.

पण प्लेट्सवर प्रत्येकाच्या घशात असतात ते साधे जंतूही जवळजवळ नव्हते. मला स्वॅब घेतले त्या दिवशीच्या ओल्या मिशा आठवल्या. आठही जणांच्या.

"सर, हे फार स्वच्छ आहे."

"स्वच्छ म्हणजे चांगलं. शाळेचा मॅनेजर दहा वेळा फोन करून बसलाय. दुसरा ड्रायव्हर नाही त्याच्याकडे."

"मला ड्रायव्हर राहतो त्या कामगारांच्या कॅम्पवर जाऊन एक प्रश्न विचारायचाय."

त्यांनी टोपण परत लावलं. "यल्ला, जा लवकर. एक वाजेपर्यंत थांबतो."

सावंत खोलीच्या दारातच भेटला. मी मराठी जुळवत विचारलं, "स्वॅबच्या आधी तुम्ही तोंड धुतलं होतं?"

"धुतलं म्हणजे? तुरटीच्या पाण्याने चांगल्या गुळण्या केल्या. सगळ्यांना मीच करायला लावल्या."

"का?"

"ताई, बाईमाणूस तोंडात बघणार. तंबाखूचा वास आला असता तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

"मिशीला तेलपण लावलं होतं ह्याने," आतून कोणीतरी म्हणालं.

"तुरटीने वासाबरोबर जंतूही गेले. उद्या पहाटे परत येते," मी म्हणाले. "तोंडात पाणीसुद्धा घालू नका. वास आला तर चालेल."

डॉक्टरांनी ड्रायव्हरच्या परवानगीवर सही केली नाही. शनिवारी बस उभी राहिली. मॅनेजर फोनवर जे बोलला ते डॉक्टरांनी मला सांगितलं नाही.

या वेळी दोन प्लेट्सवर घटसर्पाचे जंतू वाढले. एक सावंतची होती. मी ते त्याला सांगितलं.

"ती पुढच्या सीटवर बसते, ती पोर. माझ्यामुळे?"

"असू शकतं," मी म्हणाले. खोटं सांगता आलं नाही.

दोघांना औषध सुरू झालं, बसमधल्या मुलांना इंजेक्शनं दिली. तिसरं मूल आजारी पडलं नाही. काही दिवसांनी मुलीची नळी निघाली. सावंतने मात्र स्वॅब निगेटिव्ह येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नव्हता. शेवटच्या तपासणीला तो तोंड घट्ट मिटून आला.

"ताई, आज दातपण घासले नाहीत."

ते कळतच होतं. तेव्हापासून स्वॅब घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, तोंडात काय घातलंय? पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर दुसऱ्या स्वॅबपर्यंत गेलेले दिवस वाचले असते.