पेल्याच्या बुडाचं पान

रविवारी जुन्या बाजारात कुणी रंगीत काचेचे पेले पालथे करून बुडं बघताना दिसला, तर तो आमचा प्रसेनजीत. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही, पण बाजारात त्याचं नाव पडलं 'पेलेवाला बेवडा'. मित्र म्हणून मीही फुकटचा बदनाम.

त्याचे बाबा काचकारखान्यात नळीनं फुंकून पेले करायचे. निळे, जांभळे, मधाच्या रंगाचे. सगळे बड्या लोकांच्या घरी गेले. कामगाराची मात्र फाटकावर झडती. बाबा गेले, कारखाना बंद पडला आणि घरात त्यांच्या हातचा एकही पेला नाही. आता आईनं अंथरूण धरलं होतं. दिसत नव्हतं, जेवण सुटलं होतं. "त्यांच्या हातच्या पेल्यातनं घोटभर पाणी पाज की रं," एवढंच मागायची. प्रसेनजीत पार सैरभैर झाला होता.

खूण पक्की होती. गरम पेला सळईवरून तोडला की बुडाला खरबरीत वण राहतो. त्या वणाशेजारी बाबा तारेनं छोटं पिंपळपान ओढायचे. दुसरं कुणी ओढत नसे.

गारगोटी गावच्या झुंबरबाईंकडं तसले निळे पेले आहेत असं कळलं आणि मी गाडी काढली. बाईंनी कौतुकानं सहा पेले मांडले. "सासऱ्यांच्या लई आवडीचं. एक बी फुटला न्हाय बघा, पावणं."

प्रसेनजीतनं पहिला पालथा केला आणि त्याचा चेहरा पडला. वण होता. वणाशेजारी मशीननं खोल कोरलं होतं, 'कै. गणपतराव यांच्या स्मरणार्थ'. सहाही पेल्यांवर तेच. आमच्याकडं भांड्यावर नाव घातल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. पितळ झालं, स्टील झालं, काचेलाही सोडलं नाही! मला बाईंचा असा राग आला म्हणून सांगू. मग त्याच म्हणाल्या, "आजारी माणसासाठी मागताय, घ्या की एक." तेव्हा माझीच मला लाज वाटली.

एका पेल्यावर 'स्म'च्या खालून पानाचं देठ डोकावत होतं. निदान प्रसेनजीत तसं म्हणत होता. तोच पेला आम्ही आणला.

घरी त्यानं पाणी भरून तो आईच्या हातात दिला. तिनं आधी बुडाखाली बोट नेलं.

"हे काय कोरलंय?"

"नाव हाय, आई. गणपतराव म्हणून कुणी."

"म्हंजी दुसऱ्याच्या बापाचं हाय. देऊन ये."

"बाबांनीच केलाय गं! पी की!" तो ओरडला.

"मग पान दाव."

तिचं बोट धरून तो देठ शोधत राहिला. आईनं हात काढून घेतला.

त्या बुधवारी ती गेली. पुढच्या रविवारी प्रसेनजीत बाजारात पेले पालथे करत होता. आता कुणाला दाखवायचेत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.