अडकलेली बातमी
काजूच्या बोंडांचा वास आला की चंदगडचा हत्ती आठवतो. आमच्या वर्तमानपत्राच्या कोल्हापूर आणि गडहिंग्लजच्या वेबसाइट एकमेकींच्या बातम्या आपोआप उचलायच्या, त्यामुळे एकच बातमी दोनदा दिसायची. म्हणून मीच कोल्हापुरात शाहूपुरीच्या ऑफिसात सेटिंग केलं, की एका घटनेची आधी आलेली बातमी राहील आणि नंतरची अडेल. त्याच आठवड्यात काजूच्या बागेत हत्ती शिरला. मी डोंगर चढून बातमी केली, पण गडहिंग्लजच्या वार्ताहर मुलीची आधी पोचली आणि माझी अडली. दोन्हीकडे तिचंच नाव बघून माझा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात तिचाच फोन आला, "तुमची सिस्टीममधी अडकलेली बातमी वाचली की! माझ्यापेक्षा झ्याक हाय, तीच लावा." मला तिची मेहेरबानी नको होती. "न्हाय, नियम म्हंजे नियम," म्हणून मी फोन ठेवला. आजही तिची बातमी दिसली की मी आधी चूक शोधतो, आणि सापडत नाही.