खोळीच्या मापाचं वाद्य

माझं चष्म्याचं दुकान आणि खोळमामांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही लाकडी फळ्यांची. म्हणून मी जे सांगतोय त्यातलं निम्मं भिंतीतून ऐकलेलं आहे आणि निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं.

मामा खोळी शिवायचे. स्कूटरच्या, फ्रिजच्या, सोफ्याच्या, पाण्याच्या टाकीच्या. एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या प्लॅस्टरमधल्या पायाचीसुद्धा शिवून दिली. त्यांचं म्हणणं असं, की जगात वस्तू दोनच प्रकारच्या, खोळ असलेल्या आणि धूळ बसलेल्या. त्यांच्या घरी टीव्हीला खोळ, रिमोटला खोळ, आणि जास्तीच्या खोळी ज्या ट्रंकेत ठेवायच्या त्या ट्रंकेलाही खोळ. मामी म्हणायच्या, "नशीब माझं, मी हलते. नाहीतर माझंही माप घेतलं असतं."

मामांचा धंद्यातला नियम एकच होता. शिवून पूर्ण झालेली खोळ उसवायची नाही. एकतीस वर्षांत त्यांनी एकही उसवली नव्हती.

एका सकाळी फोन वाजला. भिंतीतून मला मामांची बाजू ऐकू आली. "हो, वाद्यांचीही शिवतो. सांगा. लांबी एकाहत्तर. रुंदी सव्वीस. खोली आठ. वरती निमुळतं. बरं, या आठ दिवसांनी." कोणतं वाद्य, हे त्यांनी विचारलं नाही. मामींनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? माप आहे ना?"

आठ दिवसांनी खोळ तयार झाली. बाहेरून जाड कॅनव्हास, आतून मऊ अस्तर, खालपासून मानेपर्यंत पितळी चेन. मामांपेक्षा वीतभर उंच होती. तिला खांदे होते, कंबर होती आणि कंबरेखाली चांगला ऐसपैस घेर होता. मामांनी आकार टिकावा म्हणून तिच्यात चिंध्या भरल्या आणि ती कोपऱ्यात उभी केली. गिऱ्हाईक आलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. फोन नंबर घेतलेला नव्हता. ज्याला खोळ हवी असते तो येतोच, असा मामांचा अनुभव.

आता, माझ्या दुकानात आठवड्यातून दोनदा डोळ्यांचे डॉक्टर बसतात. ते डोळ्यांत थेंब घालतात आणि तासभर बसायला सांगतात. माझ्याकडे दोनच खुर्च्या, त्यामुळे बाकीचे मामांकडे जाऊन बसतात. थेंब घातल्यावर माणसाला समोरचं धूसर दिसतं. एक निवृत्त हेडक्लार्क त्या खोळीशी अर्धा तास आपल्या सुनेबद्दल बोलले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमचे शेजारी फार शांतपणे ऐकून घेतात हो. हल्ली इतकं कोण ऐकतं." पुढच्याच आठवड्यात एका बाईंनी तिला तीनदा बाजूला सरकायला सांगितलं. "माणसानं निदान हूं तरी म्हणावं," त्यांनी माझ्याकडे तक्रार केली.

मामांना मात्र यात गंमत वाटत नव्हती. चिंध्या खाली बसत चालल्या होत्या आणि खोळीची कंबर सुटत चालली होती.

"चिंध्या भरून उभं करणं म्हणजे खोटं बोलणं आहे," ते एकदा म्हणाले.

"मग उसवा की. दोन स्कूटरच्या होतील."

स्वतःचा चष्मा गिळायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खोळीची सुटलेली कंबर दोन्ही हातांनी सारखी केली. "खोळीत काही चूक नाही," ते म्हणाले. "चूक वाद्याची आहे. ते आलं नाही. आता आपणच ते आणायचं."

गुरुवारी आमची दुकानं बंद असतात. त्या गुरुवारी मी आणि मामा खोळ घडी घालून दोन गल्ल्या पलीकडच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान जिन्यावर होतं. मालकीणबाई व्हायोलिन शिकवायच्या. ताठ मानेच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा चष्मा माझ्याकडचाच.

"काय वाजवता?" बाईंनी मामांना विचारलं.

"शिलाई मशीन."

बाई हसल्या नाहीत. "तेही तालातच चालतं. हवंय काय?"

"एकाहत्तर, सव्वीस, आठ."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मामांनी खिशातून टेप काढली आणि ओळीनं सगळ्या दुकानाचं माप घ्यायला सुरुवात केली. गिटारी बुटक्या निघाल्या. ड्रम गोल म्हणून बाद झाले. अकॉर्डियन ताणून मोजावा की मिटून, यावर पाच मिनिटं घोडं अडलं. पियानोजवळ ते थांबले, त्याच्या घेरावरून हात फिरवला आणि हळहळून म्हणाले, "कापड फार खाईल."

शेवटी गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणाखाली, जुन्या चादरीआड, ते सापडलं. माणसाएवढं, तपकिरी, वर गोगलगायीसारखं वळलेलं डोकं.

"तो डबल बास, व्हायोलिनचा थोरला भाऊ," बाई म्हणाल्या. "एका वाद्यवृंदानं परत केला. पोटाला भेग गेली होती, सांधून घेतली आहे. पण शिकायला वर्षं लागतात."

"आणि भरायला?"

"काय भरायला?"

मामांनी खोळ उलगडली. आम्ही दोघांनी तो बास उचलून आत उभा केला. मामांनी चेन धरली. खालपासून मानेपर्यंत ती एकदाही न अडखळता गेली. मामांनी डोळे मिटून घेतले. एकतीस वर्षांत इतकं बरोबर बसलेलं त्यांनी काही पाहिलं नसावं.

"याला खोळ नाही, गवसणी म्हणतात," बाई म्हणाल्या. "वाजवून नाही बघणार?"

"बसलाय ना बरोबर."

"वाद्य कानानं निवडतात."

"पाहुणा घरी न्यायचा तर तो मावतो का ते बघतात, बाई. गातो कसा ते नंतर."

वाजवता न येणाऱ्याला मी वाद्य देत नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मामांनी मग दुकानाकडे एक नजर फिरवली. पियानोवर एक बोट ओढलं आणि ते बोट बाईंच्या चष्म्यासमोर धरलं. बोट राखाडी झालं होतं. "इथल्या सगळ्यांना गवसण्या शिवून देतो," ते म्हणाले. "तो एक मला द्या." बाई धुळीला मनापासून वैतागलेल्या होत्या. सौदा झाला.

मामींनी दारातच विचारलं, "हे काय आता?"

"डबल बास."

"एकदा बास म्हटलं तरी माणसाला कळतं. तुम्हाला डबल लागतं." पण त्यांनी बाहेरच्या खोलीत जागा करून दिली. वाद्य गवसणीतच राहिलं. ते काढून दाखवायचं मामांच्या मनातही आलं नाही.

पंधरा दिवसांनी खरं गिऱ्हाईक आलं. गादीच्या कारखान्यात माल रवाना करणारा, चाळिशीतला माणूस. दोन्ही मनगटं मोडून घरी पडला होता, असं त्यानं सांगितलं, आणि काखेतून एक छोटंसं मँडोलिन काढून टेबलावर ठेवलं.

मामांनी कागद शोधून काढला. एकाहत्तर, सव्वीस, आठ.

"हो, बरोबर," तो म्हणाला. "सेंटिमीटर."

ते ऐकलं आणि मी उठून बघायला गेलो. मामा टेप हातात धरून उभे होते. टेपेच्या एका बाजूला इंच होते. दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर होते, पण ती बाजू त्यांनी आयुष्यात कधी उलटून पाहिली नव्हती.

"म्हणजे माझी खोळ चुकली," ते हळूच म्हणाले.

"चुकली कशी?" मी म्हणालो. "वाद्य मिळालं की तिच्या मापाचं."

मँडोलिनवाल्याला सगळी हकीकत कळली, तेव्हा बिचारा ओशाळला. मामांनी त्याला तिथल्या तिथे छोटी गवसणी शिवून दिली. उपकाराची फेड म्हणून तो म्हणाला, "कधी कापूस, गादीचं भरण लागलं तर सांगा. कारखान्यातलं उरलेलं ढिगानं पडून असतं."

ते लवकरच लागलं. मामांचा भाचा विमा कंपनीत नोकरीला होता, आणि त्यानं घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला होता. दोन वर्षं तो फक्त सामान निवडत होता. माइक घ्यावा तर कॉम्प्युटरला जोडायची पेटी कोणती, पेटी ठरवावी तर हेडफोन कोणता, हेडफोन ठरवावा तर स्पीकर कसले. प्रत्येक वस्तूबद्दल तीन माणसं तीन गोष्टी सांगायची आणि तो तिघांचंही ऐकायचा. होता होता सगळं सामान आलं. रेकॉर्ड मात्र एक ओळ झाली नव्हती.

"खोली घुमते, मामा," त्यानं टाळी वाजवून दाखवली. "ऐकलंत? आवाजाला शेपूट आहे."

मामांनी मागे वळून पाहिलं. मग खिशातून टेप काढली, आधी दोन्ही बाजूंनी नीट तपासली, आणि खोलीच्या चारी भिंती, छत आणि दार मोजलं. "हिला आतून खोळ घालू," ते म्हणाले.

तीन आठवडे मशीन चालू होतं. भिंतींना रजईसारखे जाड पडदे, छताला पडदा, खिडकीला चेन, दाराला चेन, विजेच्या बटणांवर बटण लावलेली झडप. ती खोली पूर्ण झाल्यावर मी आत गेलो होतो. तोंडातून शब्द निघाला की पुढे न जाता पायाशीच पडायचा. भाच्याची बायको एकदा त्याच्याशी भांडायला आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. भांडण आत धरतच नाही, म्हणाली.

पहिल्या रेकॉर्डिंगला मँडोलिनवाला आला. सोबत काहीतरी जड स्वर हवा, म्हणून भाच्यानं बास मागवला. टेम्पोतून तो आला, मागोमाग मामा आणि मामी, आणि मी कारण गुरुवार होता.

"मामा, गवसणी काढा."

"नाही."

"अहो, तारा आत आहेत."

"या खोलीला मी घातली तेव्हा ती काढ म्हणालास का?"

दहा मिनिटं मिनतवाऱ्या झाल्या. शेवटी मँडोलिनवाल्यानं कंटाळून कॅनव्हासवरूनच एक तार चिमटीत धरली आणि सोडली.

डुम्म.

भाचा हेडफोन लावून बसला होता. त्यानं हात वर केला, पुन्हा करा म्हणून. मग तो हेडफोन मामींच्या कानाला लावला. मामींनी डोकं तिरकं करून ऐकलं. "कुणीतरी पोटभर जेवून पलंगावर बसलंय," त्या म्हणाल्या.

मँडोलिनवाल्यानं ते रेकॉर्डिंग ऐकवलं, तेव्हा गादीच्या कारखान्याच्या मालकाचंही हेच मत पडलं. त्याला रेडिओवर जाहिरात करायची होती. महिन्याभरात तो आवाज रोज तीनदा वाजू लागला. आधी एक दमलेला उसासा, मग डुम्म, मग कारखान्याचा पत्ता. लोक खुर्चीत बसताना तोंडानं डुम्म म्हणू लागले. माझ्या दुकानात थेंब घातलेली माणसंसुद्धा.

तो आवाज वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनीही ऐकला, आणि पुढच्या गुरुवारी, आम्ही सगळे पुन्हा रेकॉर्डिंगला जमलो असताना, त्या बास वाजवायचा गज हातात घेऊन थेट स्टुडिओत आल्या. "गवसणीतून वाजवता," त्या मामांना म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, तर आजाऱ्याला आजाराचं नाव सांगावं तसं. "तो मी तुम्हाला दिला. आता मला एकदा उघडून द्या."

दुसऱ्या कुणाचं मामांनी ऐकलं नसतं. पण वस्तू जिच्या घरची, तिला नाही म्हणणं त्यांना जमेना. ते पुढे झाले, चेन धरली आणि थांबले. मामी म्हणाल्या, "काढा हो. मीही अजून पाहिला नाही."

चेन उतरली. बाईंनी बास बाहेर घेतला, खांद्याशी टेकवला, पाच मिनिटं खुंट्या पिळल्या आणि सगळ्यांत जाड तारेवर सावकाश गज ओढला.

एवढ्या कापसात काही ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो आवाज कानांकडून आलाच नाही. जमिनीतून तळपायांत शिरला, गुडघ्यांतून पोटात आला आणि तिथे बसून राहिला. मामींनी शेजारच्या स्टँडचा आधार घेतला. बाईंनी गज परत ओढला, मग थांबवला. आवाज बराच वेळ जायचं नाव घेईना.

मामा हातातल्या रिकाम्या खोळीकडे बघत होते. "हे सगळं आत होतं?" त्यांनी विचारलं.

"आतच होतं," बाई म्हणाल्या.

"मग चेन कशी लागली?"

बाईंना पहिल्यांदाच हसू आलं. पण मामा मस्करी करत नव्हते. त्यांनी ते तसंच, हिशेब न लागलेल्या माणसासारखं विचारलं होतं.

आता दर गुरुवारी दुपारी ते बाईंकडे शिकायला जातात. गज त्यांचा सरळ चालतो. एवढी वर्षं कापड सरळ ओढलेला हात आहे, असं बाई म्हणतात. डाव्या हाताची बोटं कुठे ठेवायची ते मात्र अजून जमत नाही, त्यामुळे ते मोकळी तारच वाजवतात, एकच, सगळ्यांत जाड. भाच्यानं ती रेकॉर्ड केली आहे. अकरा मिनिटं आहे. परवा त्यानं मला ऐकायला बसवलं, तेव्हा शिष्टाचार म्हणून मी दोन मिनिटं ऐकणार होतो. पूर्ण ऐकली, आणि मग त्याला म्हणालो, पुन्हा लाव.