उजवीकडची खिट्टी

सेत्तिमिओच्या दुर्बिणीच्या बैठकीवरून आमच्या मोंतेगारो गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी पाद्रीबुवांच्या नव्या स्वयंपाकिणीवरूनही झाली नाही. आणि ती बाई काही चर्चेला कमी नव्हती.

मी शिकारी टोळीचा आचारी. सत्तेचाळीस वर्षं रानडुकराचा रस्सा ढवळतोय, आणि त्याबरोबर गावातलं इतरही बरंच काही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं लोक म्हणतात. खरंच आहे. आयुष्यात एकच गोष्ट मी पोटात ठेवली, आणि नेमकी तीच ठेवायला नको होती.

सेत्तिमिओचं आयुष्य बुचाच्या झाडांच्या साली काढण्यात गेलं. माणूस सालीसारखाच: बाहेरून खरबरीत, दाबलं की मऊ. रस्त्यात भेटला तर आधी तुमच्या कुत्र्याला नमस्कार करणार, मग तुम्हाला. बायको गेल्यापासून तिने विणलेले मोजे उन्हाळ्यातही घालायचा, आणि आम्ही त्यावरून त्याला छळायचो. बोलायचा थोडं. पण शिकारीच्या दिवशी, चेस्टनटच्या झाडाखालच्या नाक्यावर, डुकराची वाट धरायच्या ठरलेल्या जागी, उभा राहिला की अंगात वेगळाच माणूस संचारायचा. हाकेकरी कुत्री घेऊन ओढ्यातून वर यायचे, आणि डुकरं त्याच चेस्टनटजवळून पळायची. त्याच्या बापाचा नाका तो. बाप त्याच झाडाला टेकून म्हातारा झाला, आणि आपणही तिथेच म्हातारं व्हायचं, एवढीच सेत्तिमिओची इच्छा.

त्याची रायफल आपोआप भरणारी. घोडा दाबला की गोळी सुटते, रिकामं काडतूस उजव्या बाजूने उडतं, दुसरं आत येऊन बसतं. सेत्तिमिओ म्हणायचा, "पहिली गोळी ओळखीची, दुसरी कामाची." पहिलीने डुक्कर वळायचं, दुसरीने आडवं व्हायचं.

पण डोळे कुणाचे राहतात? नळीच्या टोकावरचा मणी त्याला कापसाच्या बोंडासारखा दिसायला लागला. तेव्हा लेकीने, नोएमीने, वाढदिवसाला दुर्बीण आणून दिली. दुर्बीण आली, पण ती रायफलवर बसवायची कशावर? इथून पुढे आख्खा उन्हाळा गेला.

ग्रोसेतो शहरातल्या दुकानात तो चार वेळा गेला. एक बैठक उंच होती, खालच्या भोकातून जुना मणीही दिसायचा. "पण गाल कुठे टेकू?" सेत्तिमिओ विचारी. "मान वर करून नेम धरायचा म्हणजे मी काय जिराफ?" दुसरी बुटकी, स्क्रूने कायमची आवळलेली. पण पावसात काच धुरकटली तर दुर्बीण काढायची कशी? तिसरी बुटकीच, बाजूला एक खिट्टी. खिट्टी ओढली की दुर्बीण हातात, परत बसवली की नेम जिथल्या तिथे. बाजारात बसून त्याने ती बैठक कुणाकुणाला दाखवली म्हणून सांगू! न्हाव्याला, पोस्टमनला, मलासुद्धा. मी म्हटलं, "सेत्तिमिओ, लग्नाला बायको बघायला एवढा वेळ लावला होतास का रे?"

"ती मला पहिल्याच खेपेला आवडली होती," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा खिट्टी ओढून बघितली.

शेवटचा शब्द मात्र फोस्कोचा. फोस्को म्हणजे आमच्या गावचा लेथवाला. लोखंडाला त्याचा हात लागला की लोखंड ऐकतं. नोएमीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा धर्मबाप तोच. एकतीस वर्षं दोघं एकमेकांना 'कोंपारे', म्हणजे धर्मनात्याचा भाऊ, म्हणून हाक मारतात, नावाने नाही. टोळीत फोस्कोचा नाका सेत्तिमिओच्या शेजारचा, खालच्या दलदलीत. तिथे भिजलेली कुत्री आणि सर्दी सोडून काही येत नाही.

"तिसरीच घे, कोंपारे," फोस्को म्हणाला. "मीही माझ्या रायफलला तीच घेतो. बसवून मी देतो, स्क्रू बेताने आवळावे लागतात, तुझे हात झाडं सोलायचे."

"खिट्टी कुठल्या बाजूला?"

"उजव्या. उजवा हात तिथेच असतो."

झालं. दगडाच्या खाणीत जाऊन नेम जुळवला. एकेकच काडतूस घालायचं, झाडायचं, कागद बघायचा. गोळ्या एकावर एक. सेत्तिमिओने त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःहून दारू पाजली.

हंगाम उघडला तो सगळ्या संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला. त्या दिवशी ओढा सुना गेला, सेत्तिमिओला झाडायलाच मिळालं नाही. दुपारी मी फोस्कोच्या अंगणावरून चाललो होतो, कांदे घ्यायला. बघतो तर साहेब रायफल मांडीवर घेऊन बसलेले आणि बैठक उलटी फिरवतायत. खिट्टी उजवीकडची डावीकडे.

"हे काय?"

"रिकामं काडतूस उडताना खिट्टीवर आपटतं आणि परत आत येतं. आज दोन गोळ्या झाडून बघितल्या, तर अडकली माझी."

"मग सेत्तिमिओचीही अडकणार की!"

फोस्कोने खिट्टी आवळली. मग डोळा मारून म्हणाला, "सांगतो ना त्याला. दोन रविवार गंमत बघू. तू मुकाट राहा."

आणि मी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो मी, मुकाट राहिलो. गंमत कुणाला नको असते?

आता आमचा कायदा सांगतो. नेम चुकला की आमच्याकडे म्हणतात, तवा मारला. दुपारी टोळीच्या झोपडीत जेवताना खटला चालतो, आणि गुन्हेगाराच्या गळ्यात खराखुरा तवा. माझाच तवा. हसतात, पितात, विसरतात. पण एकाच हंगामात तीन तवे झाले की नाका जातो, आणि शेजारच्या नाक्यावरचा माणूस तिथे चढतो.

पहिल्या रविवारी सेत्तिमिओची रायफल पहिल्या गोळीनंतर अडकली. डुक्कर त्याच्या बुटावरून गेलं म्हणा ना, आणि पहिला तवा गळ्यात आला. तो फोस्कोकडे गेला. फोस्को म्हणाला, "काडतुसं जुनी आहेत, दुसरी घे." दुसऱ्या रविवारी तेच, आणि दुसरा तवा. "आतून काजळी धरली असेल, कोंपारे. दे, साफ करतो." साफ केली, चकचकीत केली, तेल दिलं. खिट्टी मात्र तिथेच. दोन रविवार झाले, गंमत संपली असं मला वाटलं. मी फोस्कोकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या रविवारी चेस्टनटखालून एक गोळी ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मग दलदलीतून फोस्कोच्या दोन, एकामागोमाग एक. गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात मोठं डुक्कर.

झोपडीत तवा चढला. बचावाचा वकील रिवाजाने कोंपारेच. फोस्को उभा राहिला, हातात ग्लास.

"मंडळी, माझ्या मित्राचा दोष नाही. दोष वयाचा आहे. दुर्बीण लावून मांजराला कुणी गरुड करतं का?"

सगळे हसले. सेत्तिमिओही हसला, तव्याची कड छातीवर धरून. अल्वारो, टोळीचा म्होरक्या, म्हणाला, "तीन झाले, सेत्तिमिओ. कायदा कायदा आहे. जा, भिंतीजवळची दारूची बाटली आण, गुन्हेगारानेच वाढायची."

रिकाम्या रायफली त्याच भिंतीला ओळीने टेकवलेल्या. सेत्तिमिओ बाटली घ्यायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग त्याने बाटली सोडली आणि दोन रायफली उचलून टेबलावर, माझ्या रश्शाच्या पातेल्याशेजारी, जवळजवळ ठेवल्या. एकीची खिट्टी उजवीकडे, एकीची डावीकडे. आपल्या खिट्टीवरून त्याने अंगठा फिरवला. काडतुसांच्या पितळेचे पिवळे ओरखडे होते तिथे. एक नाही, चांगले तीन-चार.

"कोंपारे," तो म्हणाला, "तुझी डावीकडे का?"

"परवा फिरवली," फोस्को म्हणाला. "परवा सहज लक्षात आलं. आज तुला सांगणारच होतो."

आणि माझी जीभ! कुणी तारीख चुकवली की मला राहवतच नाही. हातात डाव, तोंडात पास्ता, आणि मी बोलून गेलो, "परवा कसली? सगळ्या संतांच्या दिवशी. मी कांदे आणायला—"

मी डाव पातेल्यात सोडला.

फोस्को ग्लासात बघत राहिला. "तुला चौदा वर्षं ते झाड मिळालंय," तो हळूच म्हणाला. "मी चौदा वर्षं चिखलात उभा आहे. तू कधी एका रविवारी तरी विचारलंस, ये म्हणून?"

"तू मागितलं असतंस तर दिलं असतं."

ते खरं होतं. झोपडीतल्या सगळ्यांना माहीत होतं की ते खरं आहे, आणि फोस्कोलाही.

सेत्तिमिओ अल्वारोकडे वळला. अल्वारोने नख कुरतडलं. "फसवणूक झाली खरी," तो म्हणाला, "पण वहीत तीन तवे आहेत. आज एकासाठी नियम वाकवला तर उद्या प्रत्येकजण खिट्टी दाखवेल." बाकीचे सोळा जण पास्त्यात बघत होते. माझा पास्ता इतक्या लक्षपूर्वक त्याआधी कुणी खाल्ला नव्हता.

सेत्तिमिओने तवा काढला. मला वाटलं फोस्कोच्या गळ्यात जाणार. तो माझ्याकडे आला.

"गावात कुणाची कोंबडी कुठे अंडं घालते ते तू मला सांगतोस," तो म्हणाला. "एवढंच नाही सांगितलंस?"

आणि तवा माझ्या गळ्यात घातला. थंड होता. मग खिशातून स्क्रूची चावी काढून त्याने उभ्याउभ्या बैठक सोडवली, फिरवली, खिट्टी डावीकडे करून आवळली. वेळ किती लागला? माझा रस्सा निवायच्या आत. रायफल पिशवीत घातली, दाराशी अल्वारोच्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला.

पुढच्या हंगामात त्याने नाव दिलं ते वाल्देर्नाच्या टोळीत. डोंगरापलीकडचे ते, आमच्या आज्यांच्या काळापासूनचे वैरी. मोंतेगारोचा माणूस तिकडे गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. नोएमी आता फोस्कोला रस्त्यात 'साहेब' म्हणते. धर्मबापाला.

फोस्को चेस्टनटला टेकून उभा राहतो. पण डुकरं काही झाडाशी करार करून येत नाहीत. कुत्री भुंकली की निम्मी आता कड्यावरून पलीकडे उतरतात. मी झोपडीत कांदा चिरत असतो. आधी कड्यापलीकडून एक गोळी ऐकू येते, ओळखीची. मी सुरी थांबवून वाट बघतो. मग लगेच दुसरी.