आवाज बंद केलेला काउबॉय

दुकानदाराशी दीड तास हुज्जत घालून मी नवा टीव्ही बत्तीसशे दिरहमला पाडून घेतला. म्हणजे पाऊण लाख रुपये. बाबा दोन महिन्यांच्या व्हिसावर अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत माझ्याकडे आले होते आणि रोज संध्याकाळी समोरच्या घरी जाऊन बसत होते. ते माझ्याकडे बसावेत म्हणून हा खर्च.

समोरचा रत्नागिरीकडचा, जवळच्या मुसफ्फात, कारखान्यांच्या भागात, गॅरेज चालवतो. माणूस चांगला आहे आणि तेच मला झोंबतं. वाईट असता तर भांडून मोकळा झालो असतो.

बाबांचा आवडता सिनेमा एकच. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, स्वस्तात उरकलेला, तासाभराचा काउबॉयपट. घोडे त्याच खडकाला तीनदा वळसा घालतात. बोलायचं असलं की सगळे एका टेबलाभोवती खांबासारखे उभे राहतात. माइक तिथेच कुठेतरी लपवलेला असावा. तरुणपणी बाबा आमच्या गावच्या पत्र्याच्या थिएटरात कामाला होते. जुनी इंग्रजी रिळं फिरत फिरत तिथे यायची. भाषा कुणालाच कळायची नाही, म्हणून बाबा पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचे. मला हे ऐकून माहीत होतं. मी कळता झालो तोवर थिएटरचं खताचं गोदाम झालं होतं, आणि अठराव्या वर्षी मी इकडे आलो.

मी सिनेमाची स्वच्छ प्रत मिळवली. एका माणसाशी ओळीमागे दर ठरवून खाली मराठी अक्षरं घालून घेतली. बाबांना प्रत्येक वाक्य कळावं, ही इच्छा. त्यांनी तासभर मुकाट्याने वाचलं. शेवटी म्हणाले, "असं म्हणतो होय तो." चप्पल घातली आणि समोर गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. आठवडा तसाच गेला. व्हिसाचे अकरा दिवस उरले होते.

शनिवारी संध्याकाळी मी जाब विचारायलाच समोरच्या दारात उभा राहिलो. दार उघडंच होतं. आत तोच सिनेमा, आवाज पूर्ण बंद. बाबा टीव्हीशेजारी उभे, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र.

"घोडा म्हणतो, मालक, पळतो मी, पण काल चणे दिले नाहीत ते लक्षात आहे माझ्या. मालक म्हणतो, अरे, आधी फौजदाराला चुकवू, मग चण्याचं बघू."

समोरच्याची म्हातारी आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिच्या मांडीला टेकून माझी मुलगी. माझी, जी घरी आजोबांना दोन शब्दांत उत्तर देते. बघता बघता मी आत सरकून टीव्हीच्या आड आलो होतो.

"पप्पा, यू आर ब्लॉकिंग," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "बाबा, उद्यापासून आपल्याकडे. अक्षरं काढतो, आवाज बंद करतो. खलास."

"आणि ऐकणार कोण?"

"मी आहे की."

"तू? तू मधेच घोड्याचा भाव विचारशील."

सगळे हसले. समोरचा म्हणाला, "चाचा, जावा तुम्ही. आम्ही पण येतो सगळे. भाऊ, चालेल ना?"

आयुष्यात मी समोरच्याची पहिली अट कधी मान्य केलेली नाही. म्हटलं, रोज माझ्याकडे. तो म्हणाला, अम्मीचे गुडघे दुखतात, एक दिवस आड ठेवू. मी म्हटलं, दोन दिवस माझ्याकडे, एक दिवस तुमच्याकडे. तो नुसता हसला आणि त्याने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "एक दिवस आड."

मी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळे माझ्याकडे आले. सोफ्यावर म्हातारी, शेजारी माझी मुलगी, खाली समोरच्याच्या मुली. मला दाराजवळची खुर्ची. नायक घोडा विकत घेतो त्या जागी बाबा थांबले आणि आल्यापासून पहिल्यांदा वर्तमानपत्राचं टोक माझ्याकडे रोखून म्हणाले, "हा घोडेवाला खाली यायलाच तयार नाही. तू सांग, कितीला पाडू?"

मी आकडा सांगितला. बाबांनी तो घोडेवाल्याच्या गळी उतरवला. सगळ्यात मोठ्याने हसला तो समोरचा, आणि बाबा त्याच्याकडे बघून खूश झाले. मी खुर्ची पुढे सरकवली.