आंधळ्या विहिरीच्या नावावर

ऐन रुम्मानच्या वाचनालयात मबरूकानं सव्वीस वर्षं एकच खोटं लिहिलं. तेही रोज, शाईनं, सुबक अक्षरात. त्या मंगळवारी ते उघडं पडलं.

सकाळी प्रांताच्या गावाहून तपासनीस आला. नाजी नाव, चाळिशीचा, काखेत कागदांची पिशवी. चहा नको म्हणाला तेव्हाच मबरूकानं ओळखलं. जरीदच्या या वाळवंटी मुलखात चहा नाकारणारा माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो.

त्यानं नोंदवही उघडली. ओळींवरून फिरता फिरता त्याचं बोट थांबलं.

"बाई, हे काय? 'आंधळी विहीर', कोंबड्यांचे रोग, दोन आठवडे. 'सात बहिणी', दर्यावरच्या गोष्टी. 'उंटाची मान', मुदत संपली, दोनदा आठवण दिली." त्यानं मान वर केली. "उंटाच्या मानेला आठवण दिलीत तुम्ही?"

"दिली. दोन्ही वेळेला शिव्या खाल्ल्या."

बाकावर चहा घेत बसलेली वसीला सुईण फिसकन हसली. नाजी हसला नाही.

"ही माणसं नव्हेत."

"खजुराचे मळे आहेत. इथं प्रत्येक मळ्याला नाव असतं."

"मळे वाचतात?"

"मळेवाले वाचतात."

"मग मळेवाल्यांची नावं द्या. ओळखपत्राच्या आकड्यासकट. शंभर खरे वाचक भरले नाहीत तर सोमवारी गाडी येईल आणि पुस्तकं उचलली जातील. तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजाच्या बांगेपर्यंत मी इथंच आहे."

नावं मबरूकाला तोंडपाठ होती. कुणाच्या आजोबानं कोणता मळा कुणाला दिला, कुठल्या सुनेला भुतांच्या गोष्टी लागतात, सगळं. पण तिनं फडकं उचललं आणि कपाटाकडं वळली.

ती नुकती कामाला लागली होती तेव्हाची गोष्ट. जुनी राजवट होती. एका सकाळी दोन माणसं आली आणि नोंदवही घेऊन गेली. त्याच आठवड्यात मक्केची यात्रा केलेल्या हाज लज्हरचा मुलगा हबीब, शाळेत मास्तर होता, त्याला घरातून उचललं. काय तर, वहीत त्याच्या नावावर एकच पुस्तक तीनदा होतं. आठ महिन्यांनी परतला तो मास्तर राहिला नव्हता. कोंबड्या पाळून घरात बसला. गावानं वाचनालयाकडं पाठ फिरवली. मग मबरूका ऐन तोडणीच्या दिवसांत मळ्यामळ्यातून हिंडली. खजुरीच्या झाडाखाली उभी राहून वर चढलेल्याला म्हणायची, नाव नको, मळ्याचं सांग. तुझं नाव माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. एकेकाला गाठून शब्द दिला होता तिनं. सगळ्यात शेवटी आला तो हाज लज्हर. मुलासाठी पुस्तकं न्यायला, आंधळ्या विहिरीच्या नावावर.

ती राजवट कोसळूनही सहा वर्षं झाली. सवय मात्र कोसळली नाही.

"अगं, सांगून टाक की," वसीला कुजबुजली. "आता कोण बसलंय पकडायला?"

"तुझं तू सांग. मी कुणाचं सांगणार नाही."

"हटवादी बाई. तुझ्या शब्दापायी कपाटं रिकामी होतील, मग उंदरांना वाचून दाखव." असं म्हणत वसीलानंच नाजीनं पुढं केलेल्या नव्या नोंदवहीत पहिलं नाव लिहिलं, चादर अंगावर ओढली आणि माणसं गोळा करायला मळ्यांच्या वाटेनं चालू पडली. त्या पायांना घाईची सवय होती.

मबरूका पुस्तकं पुसत राहिली. एकच कपाट दोनदा पुसलं.

अस्रला अर्धा तास उरला तेव्हा समोरच्या भिंतीच्या सावलीत माणसं जमली. पायांना माती, कमरेला विळे, बायांच्या बगलेत पुस्तकं. पण रस्ता कुणी ओलांडेना. सगळे एकीकडं बघत होते. तिथं दगडावर हाज लज्हर बसला होता. त्याच्या आधी नाव लिहायला त्यांच्यातल्या कुणाचा हात धजत नव्हता.

नाजीनं घड्याळ पाहिलं. "ही माणसं कोण?"

"तुमचे मळे," मबरूका म्हणाली.

म्हातारा उठला. सावकाश आत आला, सलाम केला आणि नवी नोंदवही निरखली.

"ही वही इथंच राहणार?"

"इथंच, हाज."

"आणि नक्कल?"

नाजी खोटं बोलला असता तर काम सोपं होतं. "नक्कल कचेरीत जाते."

लज्हरनं वही पुढं सरकवली, मागं सरकवली. मबरूकाला वाटलं, संपलं. आता हा वळणार, आणि त्याच्यामागं सगळं गाव.

"पोरा, आधी तुझं लिही," तो म्हणाला.

"माझं कशाला? मी सरकारी माणूस."

"म्हणूनच. पुस्तक घे आणि नाव लिही. बापाचंही. आकडा घाल. ज्या वहीत तू नाहीस, तिच्यात मी नाही."

नाजीनं मबरूकाकडं पाहिलं. ती कपाटाकडं बघत होती. शेवटी त्यानं हाताला लागलं ते पुस्तक ओढलं, वसीलाच्या खालच्या ओळीत आपलं आणि बापाचं नाव लिहिलं आणि ओळखपत्र काढून आकडा उतरवला. लज्हरनं त्यातला एकेक अंक ताडून पाहिला. मग पेन घेतलं. अक्षर वाकडं आलं, पण नाव पुरं लिहिलं. लज्हर बिन अम्मार.

रस्त्यापलीकडली सावली हलली. बघता बघता रांग मशिदीच्या कोपऱ्यापलीकडं गेली. अस्रची बांग झाली तरी नाजीनं वही मिटली नाही.

लज्हर मात्र टेबलापाशीच उभा. "हबीबचं लिहू का खाली?"

मबरूकानं नाही म्हणून मान हलवली. "ज्याचं त्यानं लिहायचं, हाज."

म्हाताऱ्यानं कोंबड्यांचं पुस्तक बगलेत मारलं. दारापर्यंत गेला आणि मागं न बघता म्हणाला, "मग आज दार जरा उशिरा लाव."