सालीचं देऊळ आणि डब्याचं झाकण

मी चौथी शिकलेला सुतार, अंबरनाथच्या बुवापाड्यात राहतो. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नाही. लाकूड रात्री कडाडलं तर ते सुकतंय, एवढंच मी मानतो. तरी हे लिहितोय, कारण मला दुसरा इलाज उरला नाही.

१९८८ साली बदलापूरच्या पुढं, डोंगराखालच्या रानात एका फादरचं लाकडी प्रार्थनाघर बांधायचं काम मिळालं. फादरची अट अजब — लाकडाची साल काढायची नाही, रंग नाही, छपरावर गवत. रानात दिसताच कामा नये. मी म्हटलं, "फादर, साल ठेवली तर किडा लागेल." तो म्हणाला, "लागू दे."

चार महिने बायको, इंदू, ओढ्याजवळच्या झोपडीत माझ्यासोबत राहिली. दुपारी डबा घेऊन यायची अन् वाट चुकायची. मग मी खांबावर हातोडा तीनदा ठोकायचो. ती डब्याच्या झाकणावर चमचा दोनदा वाजवायची... म्हणजे आले. वर टोमणा — "अहो, तुमचं हे देऊळ त्या देवाला तरी सापडंल का?"

९३ साली इंदू उल्हासनगरच्या दवाखान्यात वारली. तेव्हा मी खाली चहा प्यायला गेलो होतो. फक्त चहा! सिस्टर म्हणाली, "काका, मावशी म्हणत होत्या, ह्यांना बोलवा, एक सांगायचंय."

काय सांगायचं होतं? झोप गेली, जेवण गेलं. महिन्यानं त्याच रानात गेलो. पावसानं रान माजलेलं. मी स्वतः बांधलेलं घर मलाच सापडेना. भर दुपार, तीन तास फिरलो. शेवटी रडत एका सागावर दगड तीनदा हाणला.

टिंग... टिंग.

स्टीलवर चमचा. मी ठोकायचो, ते वाजायचं. आवाजामागं धावलो तर समोर प्रार्थनाघर. दाराला गंजकं कुलूप. फटीतून पाहिलं — बाकांवर बोटभर धूळ, जमिनीवर एक पाऊल नाही. आसपास चिटपाखरू नाही. मी दार बडवलं, "इंदू, काय सांगायचं होतं गं? बोल की!"

वाजायचं बंद झालं.

त्यानंतर किती खेपा केल्या. आता वाट पाठ आहे, चुकत नाही. तरी मुद्दाम ओढ्यापाशी थांबून तीनदा ठोकतो. काही नाही.

तो आवाज कुणाचा, मला आजवर कळलं नाही. कुणी म्हणतं, भास. असेल. पण भास मला दारापर्यंत कसा नेईल?

आलीच होतीस, तर सांगून का नाही गेलीस?